देवीनं ठेवून घेतलेलं कुंकू

अक्का, तुमच्या फोटोवरून घरात वाद झाला. दादांना तुमचा तो हिरव्या पैठणीतला फोटो हवा होता, जो तुम्हाला मुळीच आवडायचा नाही. त्यात मी दुसऱ्याच्या लग्नात उसनी उभी केलेली बाई दिसते, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हटलं, कारखान्यातला लावा, रबरी बूट आणि एप्रन घातलेला, त्यात निदान त्या हसतायत तरी. दादा तुमचे नवरे असले तरी माझे थोरले दीर, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे मला बोलता येईना. शेवटी पैठणीचाच फोटो मोठा करायला गेला. परवा तेराव्याला त्याला हार घालतील आणि एमआयडीसीतले चारजण उठून तुमच्याबद्दल बोलतील.

ते काय बोलतील हे मला आत्ताच ठाऊक आहे. कुंकवाची गोष्ट सांगतील. देवीनं अक्कांच्या कामावरचं कुंकू ठेवून घेतलं, पुसलं तरी गेलं नाही, असा हात होता बाईचा. आपल्या देव्हाऱ्यातला तो कुंकू मुरलेला ॲल्युमिनियमचा क्लॅम्प ताटात घालून फोटोपुढं ठेवायचा, असंही ठरलं आहे. सगळे रडतील. मीही रडेन, कारण तुम्ही गेल्यापासून मला रडायला निमित्त लागत नाही. भाजी निवडताना रडते, स्कूटीची किल्ली दिसली की रडते. पण त्या गोष्टीतलं एक मला तुम्हाला विचारायचं होतं, आणि तुम्ही होतात तोवर मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तुम्ही मला चहा ठेवायला पाठवलंत. एवढा चहा मी आयुष्यात कुणाला पाजला नसेल.

मी केमहून लग्न होऊन आले तेव्हा मला स्टेशन आणि शेत याखेरीज जगातलं फारसं काही माहीत नव्हतं. तुम्ही कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीच्या. बोलता बोलता कधी कानडीत शिरायचात ते तुमचं तुम्हालाच कळायचं नाही. आल्या आल्या तुम्ही मला ‘तंगी’ म्हणून हाक मारलीत. तिकडं धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, हे मला मागाहून दादांकडून कळलं, आणि त्या दिवशी मी माहेरी फोन करून आईला सांगितलं की जाऊ चांगली आहे, काळजी करू नको.

दादा आणि माझे मिस्टर, दोघे भाऊ ऑर्डरी आणायला आणि माल पोचवायला बाहेर असायचे, कारखाना तुम्ही चालवायचात. सासूबाई म्हणत होत्या, धाकटीला घरी राहू दे. तुम्ही म्हणालात, ती माझ्याबरोबर येणार, आणि दुसऱ्या दिवशी मला स्कूटीवर मागे बसवून नेलंत. आत बघते तर ओळीनं मांडलेल्या टाक्या, आंबट वास, आणि पत्र्याखाली उकडून निघालेली माणसं. मला वाटलं, बहीण म्हणवून घेऊन हे कसलं माहेरपण.

तुम्ही मला काय शिकवलंत ते आज इथं लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. ॲल्युमिनियमला वरून काही लावायचं नसतं. आम्लाच्या टाकीत बुडवून वीज सोडली की त्याच्याच अंगातून त्याची साल वर येते, आणि ती साल मूळ धातूपेक्षा कडक असते. पण साल नवी असताना तिला छिद्रं असतात, इडलीला असतात तशी, फक्त डोळ्यांना न दिसणारी. शेवटच्या टाकीत स्वच्छ, उकळत आलेलं पाणी असतं, त्यात ती छिद्रं मिटतात. मिटली की पाऊस, धूर, वाफ, काही आत जात नाही. उघडी राहिली तर माल वरून तसाच चकचकीत दिसतो आणि आत धातू खायला सुरुवात झालेली असते. तुम्ही एका पट्टीवर शाईचा थेंब टाकलात, थोडं थांबलात आणि ओल्या फडक्यानं पुसलात. थेंब गेला. दुसऱ्या पट्टीवर डाग राहिला. ती पट्टी तुम्ही बाजूला फेकलीत.

“डाग ऱ्हायला की माल परत टाकीत, तंगी. मग तो कुणाचाबी असू दे.”

हे मी तुमच्याकडून शिकले. दुसऱ्या कुणाकडून शिकले असते तर विसरले असते.

आणि माझा हात भाजला तो दिवस मला विसरता येत नाही. आम्लाचा शिंतोडा मनगटावर आला आणि मी नुसती उभी राहिले, ओरडलेही नाही. नळाला पाणी यायची पाळी अजून लांब होती, कारखान्यात धुवायचं पाणी कसंबसं पुरवत होतो. तुम्ही पिण्याचा अख्खा हंडा उचललात आणि माझ्या हातावर ओतत राहिलात, रिकामा होईपर्यंत. त्या दिवशी सगळ्यांना तहान मारत काम करावं लागलं आणि कुणी एक शब्द बोललं नाही. मनगटावर आज काहीसुद्धा खूण नाही. मी तुमची ऋणी आहे, अक्का, हे तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही टिंगल केली असतीत.

टिंगल करण्यात तुमचा हात कुणी धरला नसता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही कारखान्यातून थेट रबरी बूट घालून गेलात, आणि बायका पदर सावरून बाजूला सरकायला लागल्यावर म्हणालात, पायाकडं काय बघताय, तिळगूळ हातात हाय. मला हसू आवरेना आणि मी सासूबाईंच्या मागे जाऊन लपले. पण घरी येताना स्कूटीवर तुम्ही गप्प होतात. कारखान्यात येणारा प्रत्येक जण तुमच्याकडं बघून “मालक कुठायत?” असं विचारायचा, आणि ते तुम्हाला लागायचं. तुम्ही कधी दाखवलं नाहीत, पण मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला पाठीवरून बरंच कळतं.

आता त्या दसऱ्याकडं येते.

त्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. शहराच्या पाण्याची पाळी लांबत लांबत गेली. टँकरवाला फोन उचलेना. त्यात शेवटच्या टाकीचं पाणी शुद्ध करणारं आपलं मशीन बंद पडलं, आणि पुण्याचा मेकॅनिक सणानंतर येतो म्हणाला. टॉवेल रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या पत्र्यावर सोलर बसायचं होतं, त्या काचांना चारी बाजूंनी धरून ठेवणारे क्लॅम्प आपल्याकडं आले होते. मुठीत मावतील एवढे, पण ढीगभर. इतकी मोठी ऑर्डर आपल्याला आधी मिळाली नव्हती.

त्या आठवड्यात मी बोअरची काळी पाइप शेवटच्या टाकीत सोडलेली पाहिली. आपल्या बोअरचं पाणी कसलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याचा चहा केला की दूध फाटायचं. मी विचारलं, तर म्हणालात, दोन दिवसांचा प्रश्न हाय, चालतंय. तुम्ही ‘चालतंय’ म्हणालात याचंच मला नवल वाटलं. तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारला असता तर तुम्ही त्याला धारेवर धरलं असतंत.

खंडेनवमीला आपण टाक्यांची, मशीनची, माल टांगायच्या आकड्यांची पूजा केली. त्या वर्षी तयार मालाचीही केली. तुम्ही ओल्या बोटानं प्रत्येक रॅकमधल्या एका एका क्लॅम्पला कुंकू लावलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी बसण्णा माल पुसायला लागला. आपल्याकडं सगळ्यांत जुना तो, आणि देवाधर्माचा. कुंकू पुसलं जाईना. त्यानं साबण लावला, तरी जाईना. उजेडात धरून बघितलं तर लाल टिळा धातूच्या आत उतरल्यासारखा दिसत होता. त्यानं सगळ्यांना हाक मारली.

“अक्का, देवीनं कुंकू ठेवून घेतलं की.”

त्यानं हात जोडले. मग एकेकानं जोडले. एका बाईनं वाकून तुमच्या पायांना हात लावला. त्या शेडमध्ये आजवर कुणी तुमच्या पाया पडलं नव्हतं. आणि मग तुम्ही हात जोडलेत. पण जोडण्याआधी तुम्ही एकदा शेवटच्या टाकीकडं बघितलंत. मी तुमच्या शेजारीच उभी होते, मी ते बघितलं. तेवढ्या एका बघण्यावरून माझी आणि तुमची सगळी भांडणं झाली.

दुपारी आपट्याची पानं वाटून झाल्यावर मी शाईची बाटली घेऊन आले. म्हटलं, एक थेंब टाकून बघू. तुम्ही बाटली माझ्या हातातून घेतलीत, झाकण घट्ट लावलंत आणि वरच्या फळीवर ठेवलीत, जिथं माझा हात पोचत नाही.

“देवीच्या कुंकवाला शाईची परीक्षा लावू नको, तंगी.”

मी म्हटलं, अक्का, बोअरचं पाणी होतं. तुम्ही म्हणालात, चहा ठेव.

टिळा लागलेले क्लॅम्प प्रसाद म्हणून वाटले गेले, एक देव्हाऱ्यात गेला, एक त्या टॉवेलवाल्या मालकांनी मागून घेतला. बाकीचा माल वाजत गाजत रवाना झाला. मी घरी दोघा भावांना सांगून पाहिलं. दादा म्हणाले, तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. ते खरंच होतं.

मग काय, गोष्ट एमआयडीसीभर झाली. लोक नारळ घेऊन यायला लागले. “मालक कुठायत?” असं विचारणारे दारात चपला काढायला लागले. तुम्ही आधी संकोचायचात, मग सवय झाली. मला तुमचं मन कळत होतं, अक्का. इतकी वर्षं ज्यांनी तुम्हाला नुसती मालकाची बायको म्हणून बघितलं, ते आता मान लववत होते. अशा वेळी, देवीबिवी काही नाही, माझं पाणी खराब होतं, असं कोणत्या तोंडानं सांगायचं. मला कळत होतं, आणि त्यामुळंच राग जास्त येत होता. न कळणाऱ्या माणसावर रागावणं सोपं असतं.

मशीन दुरुस्त झालं आणि तुम्ही पहिल्यापेक्षा कडक झालात. डागाची नुसती शंका आली तरी अख्खी रॅक परत टाकीत. बसण्णा म्हणायचा, अक्कांच्या अंगात देवी आहे. मी मध्येच एखाद्या दिवशी विचारायचे, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं का. तुम्ही कधी रागावायचात, कधी कानडीत काहीतरी पुटपुटायचात. एकदा फक्त एवढंच म्हणालात की पुसलेला टिळा परत लावता येतो, पुसलेलं नाव येत नाही. मी म्हटलं, हे उत्तर झालं का. तुम्ही म्हणालात, नाही.

आणि मग तुमचं ते वाऱ्याचं सुरू झालं. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारी वारं सुटलं, पत्रे वाजायला लागले, की तुम्ही ताटावरून उठायचात. कडक भाकरी तशीच, शेंगाची चटणी तशीच. स्कूटीची किल्ली घ्यायचात आणि म्हणायचात, देवळात जाऊन येते. परत यायचात तेव्हा केसांत धूळ असायची आणि चेहरा उतरलेला असायचा. दर्शन घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. मी एकदा म्हटलं, मी पण येते. तुम्ही इतक्या जोरात ‘नको’ म्हणालात की मी परत विचारलं नाही.

शेवटच्या दिवशीही तसंच. आभाळ मातकट झालं होतं, वावटळीनं समोरच्या मैदानातले कागद वर उचलले होते. मी म्हटलं, अक्का, ऊन मी म्हणतंय, आज राहू द्या, देवी कुठं पळून जाते. तुम्ही हसलात. ते हसणं मी जपून ठेवलं आहे. मग थोड्या वेळानं कुणा अनोळखी माणसाचा फोन आला. तुम्ही स्कूटी नीट स्टँडवर लावली होती, बाभळीखाली बसला होतात, आणि बसल्या बसल्या गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक म्हणाले, भाग्यवान, देवीच्या वाटेवर गेली.

त्या रस्त्यावर देऊळ कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. देऊळ नाहीच, अक्का. तिथं नुसते कारखाने आहेत, आणि टोकाला तो टॉवेलचा.

काल दहावं उरकलं आणि मी कुणाला न सांगता तिथं गेले. गेटवर तुमचं नाव सांगितलं तर वॉचमन उभाच राहिला. आवारात शेडच्या लांबलचक भिंतीला टेकून टॉवेल घडी करणाऱ्या बायका जेवायला बसल्या होत्या. त्यांच्यात शांतव्वा म्हणून एक वयस्कर बाई आहे, तिनं मला जागा करून दिली आणि डोळ्याला पदर लावला. मी विचारलं, अक्का इथं यायच्या का.

“यायच्या की. वारं सुटलं की यायच्या, कवा शिडीनं वर चढायच्या, कवा खालनंच पत्र्याकडं बघत हुब्या ऱ्हायच्या. आमास्नी म्हणल्या, वारं आसलं की ह्या भिंतीकडं बसत जाऊ नका. का म्हणून इचारलं तर म्हणल्या, देवीनं सांगितलंय.”

 मग तुम्ही आता इथं कशा बसलात, असं मी विचारलं. तर शांतव्वा म्हणाली, आवाराच्या पलीकडं लिंब होता, त्याच्याखाली बसत होतो. तो तोडला, तिथं गोडाऊन होतंय. आता सावली आहे ती एवढीच. भाकरीचा तुकडा मोडून तिनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, आता अक्काच न्हाईत, सांगणार कोण.

मी वॉचमनला शिडी मागितली. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत, पण चढले. पत्र्यावर रंगाच्या टाक्यांची वाफ बाहेर सोडणारी धुराडी आहेत, ब्लीचिंगचा वास डोळ्यांत जातो. अक्का, तुम्ही हे सगळं बघितलं होतंत. क्लॅम्पवर चुना फासल्यासारखी पांढरी भुकटी होती. बोटानं घासली तर खाली खड्डे. एका ठिकाणी बोल्टच्या भोवतीचा धातू एवढा खाल्ला होता की बोल्ट माझ्या चिमटीत हलला. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, अगदी साधी, आणि काचेची कड बोटभर वर उचलून खाली बसली. टक्. मग पुढची. टक्. ओळीनं. मी पत्र्याच्या कडेवरून खाली बघितलं तर बरोबर त्या ओळीखाली बायकांची डोकी होती.

मला तिथं वर बसून तुमचा इतका राग आला, जेवढा कधी आला नव्हता. आणि त्याच वेळी तुम्ही एकट्या इथं चढत होतात, खाली उतरून बायकांना उठवत होतात, घरी येऊन धूळ झटकत होतात, हे डोळ्यांपुढं आलं आणि माझा ऊर भरून आला. एका माणसासाठी दोन्ही एकदम कसं वाटतं, मला सांगता येणार नाही. पण वाटलं.

संध्याकाळी दादांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तिचं तेरावं तरी हू दे. मग मी सोता जातो, काय तरी कारण सांगून सगळा माल बदलून देतो. तिचं नाव घ्यायचं न्हाय.” त्यांच्या आवाजावरून मला वाटलं, त्यांनाही कधीतरी संशय आला असावा. मी त्यांच्यावर चिडू शकले नाही. बायको गेलेला माणूस तिच्या नावाला तरी धरून बसणारच. पण बाहेर अंगणात दोरीवरचे कपडे आडवे होत होते, आणि हवामानखात्यानं वादळी वाऱ्याचा इशारा दिल्याचं टीव्हीवर चाललं होतं.

आज सकाळचं जेवण उरकून मी परत गेले. दादांना न विचारता गेले. वाटेत ठरवलं होतं की तुमचं नाव येऊ द्यायचं नाही. मालक आवारातच भेटले, गोडाऊनचं काम बघत होते. मी सांगितलं की क्लॅम्प खराब झालेत, सगळं सोलर उतरवून घ्या, तोवर बायकांना त्या भिंतीकडं बसू देऊ नका. आम्ही नवीन माल देतो, माणसंही आमची लावतो. मी शांतपणे बोलले, तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलायचात तसं.

ते हसले. वाईट हसले नाहीत, समजूत घालावी तसे हसले. म्हणाले, अक्कांच्या हातचा माल आहे, देवीचा शिक्का बसलेला, माझ्या केबिनमध्ये रोज उदबत्ती लागते त्याला. मी म्हटलं, वर चढून बघा. ते म्हणाले, वर धुळीनं पांढरं दिसतंच सगळं. बायका जेवता जेवता ऐकत होत्या. वारा होता, पण फार नव्हता.

मग मला ते सांगावं लागलं. देवीनं काही ठेवून घेतलं नव्हतं. आमच्या टाकीचं पाणी खराब होतं, सालीची छिद्रं उघडी राहिली होती, त्यात कुंकवाचा रंग मुरला. कुठलाही रंग मुरला असता. मी बोलत होते आणि समोरच्या माणसाचा चेहरा बदलत गेला. बाजूच्या मिस्त्रीनं हातातलं काम थांबवलं. एका बाईनं कानाला हात लावला, जणू मी देवीला शिवी दिली होती.

मालकांचा आवाज चढला नाही, पण थंड झाला. म्हणाले, तुम्ही त्यांच्या धाकट्या जाऊ. बाई जाऊन अजून तेरा दिवस झाले नाहीत आणि तुम्ही त्यांचं नाव खराब करायला आलात. जावाजावांचं काय असतं ते आम्हालाही कळतं. तसं काही असतं तर अक्कांनी स्वतः सांगितलं असतं.

मी म्हटलं, त्या इथं येत होत्या, वर बघत होत्या, ह्या बायकांना इथून उठवत होत्या. विचारा त्यांना. त्यांनी शांतव्वाकडं बघितलं. तिच्या हातातली भाकरी तोंडापर्यंत न जाता थांबली. वर पत्र्यावर एक काच उचलली गेली आणि बसली, आणि या वेळी तो आवाज खाली सगळ्यांना ऐकू आला.

“मग मला एकच सांगा,” ते म्हणाले. “अक्कांना म्हाईत होतं?”

नाही म्हणाले असते तर परवाचं तेरावं ठरल्यासारखं पार पडलं असतं, आणि ते मला खोटी ठरवून आत निघून गेले असते. मी तुमच्याशी एवढी वर्षं भांडले ते याच एका प्रश्नासाठी, आणि तुम्ही मला शेवटपर्यंत उत्तर दिलं नाहीत. ते आता भर दुपारी, परक्या माणसांपुढं, तुमच्या वतीनं मला द्यायचं होतं. मला तुमची फार आठवण आली, अक्का. तुम्ही माझ्या शेजारी असतात तर मी तुमचा हात धरला असता.

“व्हय,” मी म्हणाले. “अक्कांना म्हाईत होतं.”

शांतव्वानं डब्याचं झाकण लावलं आणि भिंतीपासून उठली. तिच्यामागून बाकीच्या उठल्या.